रस्त्यावर पडलेला हार

गंगापूर रोडवरची आमची फुलवाली हार ओवताना तोंड बाजूला वळवून बसायची. देवाच्या फुलांचा वास देवाआधी आपण घ्यायचा नाही, म्हणून. मी तेव्हा, १९९०च्या सुमारास, चाळिशीत एम.ए.ला बसलेली दीडशहाणी. नीतिशास्त्राच्या पेपरला निघताना गणपतीला लाच म्हणून हार घेतला आणि तो हातातून रस्त्यावर पडला. झटकून पिशवीत टाकायला लागले.

"द्या इकडं, ताई. दुसरा ओवते."

"अगं, उशीर होतोय! देवाला काय कळणार आहे?"

"त्याला नाय कळनार. म्हनून तर आपन बघायचं."

तिनं सावकाश नवा हार ओवला. माझी बस चुकली.

पेपरात नेमका प्रश्न आला: नैतिक नियमांचा पाया कोणता? मी मोठमोठ्या तत्त्वज्ञांची नावं घालून चार पानं भरली. तिचं नाव मात्र मी कधी विचारलंच नव्हतं.