अजबबंगल्यातले जोडे

पांढुर्ण्याच्या आमच्या कचेरीतला तो टायपिस्ट म्हणजे जोड्यांचा मोठा शौकीन. टेबलाखाली फडक्यानं ते चमकवायचा आणि नागपूरला जायचं ठरलं, की शीळ घालायचा. "दिवसा अजबबंगला, रात्री कव्वाली. शहरात काय झोपायले जाचं हाय?" आम्ही देवळात शिरलो, की तो मात्र बाहेर थांबे. "माया आजाले आत येऊ देलं नाही. मले आता याचं नाही."

त्या वर्षी आमचे हेडक्लार्क बडे बाबू, तो आणि मी नागपूरला गेलो. अजबबंगल्यात, म्हणजे तिथल्या वस्तुसंग्रहालयात, एका बुद्धमूर्तीपुढे त्यानं वाकून नाड्या सोडल्या, जोडे काढले आणि डोळे मिटून हात जोडले.

"अबे, हे काय मंदिर हाय?" बडे बाबू खिदळले.

"नाही नं! म्हणून तं मले कोणी अडवलं नाही."

तेवढ्यात बडे बाबूंनी त्याचे जोडे उचलून आपल्या पिशवीत घातले. याला म्हणे गंमत म्हणायची! मी पाहत होतो आणि तोंड शिवून उभा होतो, याचा संताप अजून जात नाही.

तो काही न विचारता नुसत्या मोज्यांवर सीताबर्डीचे दिवे पाहत फिरला. कव्वालीत सर्वांत मोठ्यानं 'वाहवा' त्याचीच. निघताना बडे बाबूंनी ओशाळून पिशवी पुढे केली. "घाल बाप्पा, मजाक करून राहिलो होतो."

त्यानं हातही लावला नाही.

"माया बापानं तुमच्या बापाचे जोडे लय उचलले, बाबूजी. तुमी माये उचललेच हाय, तं आता घरापर्यंत आणा."