मांड्याला कुठे वजन असतं?

"वजन उचललंत?"

"नाही."

"शेतात गेलात?"

"नाही डॉक्टर. देवाची आण."

शोभाताई (नाव बदललंय) मान खाली घालून बसल्या होत्या. स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले होते आणि डाव्या बाजूचा टाका नखाएवढा उसवला होता. कधी कधी तो आपसूकही उसवतो. पण शेजारी बसलेल्या त्यांच्या सासूबाई, अक्का, एकटक खिडकीबाहेर बघत होत्या. तिथे फक्त स्कूटर स्टँड आहे.

महिनाभरापूर्वी दोघी चोपड्याहून जळगावला माझ्याकडे आल्या, तेव्हा बोलत होत्या एकट्या अक्का. "डाक्टरबाई, हिले काही नही व्हयनं. बठ्ठा आळस शे!"

आळस म्हणजे काय, तर मान-खांद्यांचं दुखणं, बोटांना मुंग्या आणि खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी पडलेले, बोट बसेल असे चर. गोळ्या, मलम, मानेचा पट्टा, तीन वर्षं सगळं करून झालं होतं.

"काम काय करता?" मी विचारलं.

"काही नही, घरीच," उत्तरही अक्कांनीच दिलं.

मी केसपेपरवर लिहिलं, गृहिणी. अक्कांना चहाला पाठवलं तेव्हा कुठे शोभाताई बोलल्या.

"मले मांडे करता येत नही आता. हात वर धरले की बोटं बधिर व्हतस. आधी लग्नाले तीन-तीन गावांतून बोलावणं यायचं. आता खापर माळ्यावर शे." आणि त्या रडल्या.

मांडे म्हणजे आमच्या खान्देशातली खापरावरची पुरणपोळी. ती लाटत नाहीत. हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर टाकायची. मी धुळ्याची. मांडे खाण्यात माझा हात कोणी धरणार नाही, करण्यात मात्र आनंदीआनंद.

दुखण्याचं मूळ स्तनांच्या वजनात होतं. ते कमी कसं करता येईल, याची मी कागदावर चित्रं काढली. पहिला मार्ग लायपोसक्शन. बारीक भोकातून चरबी ओढून घ्यायची. व्रण नावाला, पण ओघळलेलं तसंच राहतं. दुसऱ्यात स्तनाग्राभोवती गोल छेद आणि खाली एक उभी रेघ. मध्यम आकाराला ते पुरतं. तिसऱ्यात त्या उभ्या रेघेखाली, स्तनाखालच्या घडीत, एक आडवी रेघ. उलटा टी. व्रण सगळ्यात मोठा, पण वजनही सगळ्यात जास्त निघतं. त्यांना तिसरंच लागणार होतं. व्रण, स्पर्शाची जाणीव कमी होणं, सगळं मी पुन्हा पुन्हा समजावलं.

"डॉक्टर, व्रण कोण बघणार? ओझं जाऊ द्या."

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी उठून बसल्या आणि म्हणाल्या, "मान कुणी सोडली हो माझी?" मला फार बरं वाटलं. घरी जाताना बजावलं, सहा आठवडे वजन नाही, बादली नाही, शेत नाही. अक्कांनी माझ्यापेक्षा जोरात मान हलवली.

आणि आता हा टाका. उभी आणि आडवी रेघ मिळतात त्या कोपऱ्यावर सगळ्यात जास्त ताण येतो, तिथेच उघडला होता.

"मग केलंत तरी काय?"

अक्कांची नजर खिडकीतून परत आली. "आखाजी व्हती ना." आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. "मन्ही लेक माहेरले येल व्हती. मीच खापर काढी दिन्हं. पण डाक्टरबाई, मांड्याले कुठे वजन ऱ्हास? कागदासारखा पातळ!"

वजन नाही, खरं आहे. पण दोन्ही हात वर धरून ताणायचे. आणि हे मी, धुळ्याच्या बाईने, आधीच सांगायला नको होतं का?

"किती केलेत?"

"वीस," शोभाताई पुटपुटल्या.

"बावीस," अक्कांनी दुरुस्त केलं. त्यांच्या आवाजात अभिमान होता.

"बोटं बधिर झाली?"

"एकदाही नाही!"

रागावायचं ठरवलं होतं, जमलं नाही. तीन आठवड्यांच्या ड्रेसिंगने जखम भरली. तेवढे दिवस अक्कांनी सुनेला पोळपाटालाही हात लावू दिला नाही.

हल्ली मी "काम काय करता" असं विचारून थांबत नाही. "हातांनी करून दाखवा," म्हणते. मग घरीच असलेल्या बायका हवेत काय काय करून दाखवतात, ते बघत राहावं.

शोभाताईंच्या केसपेपरवरचं 'गृहिणी' मी खोडलं. तिथे आता लिहिलंय, 'मांडे करतात. एका बैठकीला बावीस.'