जहाज सुटलं

पिशोरला गयाक्काच्या ओसरीतलं घड्याळ पावणेतीन दाखवत होतं आणि माझी पार्टी खाटेजवळून उठत नव्हती.

पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. आमच्या धंद्यात एकटं माणूस असलं तरी पार्टीच. ही पार्टी म्हणजे सुमनबाई. वय सहासष्ट, पिशोरची लेक, चाळीस वर्षं झाली कॅनडात. खाटेवर होती ती तिची थोरली बहीण, गयाक्का. अक्काला दोन वर्षांपासून माणसं ओळखू येत नव्हती. सुमनबाई सकाळी साडेनवाला आली, तेव्हापासून अक्का तिला नर्सबाई म्हणत होती.

मी ड्रायव्हर. बाप मेंढरं राखायचा, मी टुरिस्ट राखतो. काम एकच, मोजून न्यायचं आणि मोजून आणायचं. शाळा चौथीपर्यंत. गाडी माझी, ड्युट्या देतो सलीमभाई, त्याचं ट्रॅव्हलचं ऑफिस स्टेशन रोडला आहे.

आता भानगड काय होती ते सांगतो. सुमनबाई आणि तिचे मिस्टर मोठ्या जहाजावर फिरायला निघालेले. क्रूझ म्हणतात त्याला. जहाज मुंबईला लागलं होतं. अशी जहाजं लागली की त्यांची कंपनी माणसं विमानानं आपल्या संभाजीनगरला आणती, वेरूळ दाखवती, जेवू घालती, संध्याकाळच्या विमानानं परत नेती. त्या दिवशी त्यांची चाळीस माणसं आली होती. बस सलीमभाईचीच.

पण कंपनीच्या तिकिटावर वेरूळच बघता येतं, पिशोर नाय. बसमधून उतरून बहिणीकडं जातो म्हणलं तर चालत नाय. म्हणून सुमनबाईनं आपलं विमानाचं तिकीट आपण काढलं. जहाजवाल्यांनी तिच्याकडून कागदावर सही घेतली, की उशीर झाला तर जबाबदारी तुमची.

ह्यातला फरक लोकांना कळत नाय. कंपनीचं तिकीट म्हणजे वऱ्हाडाची बस. बस पंक्चर झाली तरी मांडवात सगळे थांबतात, कारण नवरदेव बसमधी आहे. आपलं तिकीट म्हणजे आपण आपल्या फटफटीवर लग्नाला निघालो. उशीर झाला तर अक्षता पडून गेलेल्या असतात, कुणी विचारत पण नाय.

महिनाभर आधी बाईंचा फोन आला तेव्हाच मी सांगितलं होतं. "तिकीट तुमचं तुम्ही काढा. पण जहाजवाल्यांची माणसं ज्या विमानात असतात तेच धरा, येतानाचं पण आणि जातानाचं पण. त्यांच्या विमानाला उशीर झाला तर जहाज त्यांच्यासाठी थांबल. तुम्ही आपोआप वाचाल." बाईंनी ऐकलं. दुसरं विमान हैदराबादवरून होतं, ते सोडलं.

विमान पाच चाळीसचं. जहाजावर चढायची शेवटची वेळ रात्री नऊ. तिला ऑल अबोर्ड म्हणतात. त्यानंतर शिडी उचलतात. पुढचं बंदर परदेशात. मिस्टर जहाजावरच थांबलेले, गुडघ्यानं अधू, डोळ्यानं कमी. त्यांना रोजचं इन्सुलिनचं इंजेक्शन बाई देणार. जहाज चुकलं तर तो म्हातारा एकटा समुद्रात आणि ही एकटी इथं. पिशोरहून विमानतळ पावणेदोन तास. म्हणून मी पावणेतीनची वेळ धरली होती.

मी दारातून म्हणलं, "बाई, निघा आता."

सुमनबाई उठली. "येते अक्का."

अक्का वर पत्र्याकडं बघत राहिली.

शेजारची एक म्हातारी सकाळपासून ओसरीत बसून होती. ती म्हणली, "ती काय ओळखती आता. सुटंना बिचारी. सुटली तर बरं व्हईल."

मी म्हणलं, "तुमच्या दावणीला बांधलीय का ती, सुटायला?"

म्हातारीनं पदर ओढून तोंड फिरवलं. मला तसं बोलायला नको होतं, पण मला त्या शब्दाचा राग आहे. माझी बायको कौसा मागच्या वर्षी गेली. त्या दिवशी मी फर्दापूरला होतो. पार्टी अजिंठ्याच्या लेण्यांत गेलेली, मी पार्किंगमधी. पोराचा फोन आला, आईचं काही खरं नाय, निघा. पार्टी अर्ध्यात सोडून जाता येत नाय हा आमचा नियम. दुसरी गाडी मिळंना. मी अडीच तास बोनेटला टेकून उभा राहिलो. घरी पोचलो तर कौसाला खाली घेतलेलं. जो येईल तो म्हणत होता, सुटली बिचारी. ती सुटली नव्हती. माझी वाट बघून गेली होती.

असो. सुमनबाईनं उंबऱ्याबाहेर पायात चपला घातल्या. मागं वळून पुन्हा एकदा म्हणली, "येते गं."

खाटेवरून आवाज आला. "सुमे, ओटी न भरता कुठं निघाली?"

अक्काची सून मीरा हातातलं ताट घेऊन तशीच उभी राहिली. सुमनबाई चपलांसकट आत पळाली.

"आई, मी भरते ओटी," मीरा म्हणली.

"तू गप. माझी बहीण हाय. नारळ आण."

मीरा बाहेर आली. मला सगळे मामाच म्हणतात, तशी हळूच म्हणली, "मामा, घरात नारळ नाय."

तीन वाजले होते. मी चाळीस वर्षं लोकांना चला चला म्हणत आलो. तोंडात तोच शब्द आला होता. मी तो गिळला आणि बाजाराकडं निघालो. पहिलं दुकान बंद. दुसऱ्याचा मालक गल्ल्यावर डोकं ठेवून झोपलेला, त्याच्याकडं नारळ नाय. तिसऱ्याकडं मिळाला, कानापाशी धरून पाणी हाय का ते बघितलं.

परत आलो तर शेजारच्या म्हातारीला वाचा फुटलेली. "गयाबाईला नवरा नाय. तिनं ओटी भरू नाय, अपशकुन व्हतो."

सुमनबाई म्हणली, "मला न्हाऊ घातलं तिनं, वेण्या घातल्या तिनं. मग ओटी कोण भरणार, तुम्ही?"

मीरानं अक्काला मागून धरून बसवलं. अर्धे तांदूळ पदरात, अर्धे खाटेवर. खण, नारळ, हळकुंड. मग अक्का बोलायलाच लागली. म्हणली, "विहिरीत कळशी तूच बुडवली ना? मी आईला सांगितलं नाय अजून."

आई जाऊन तीस वर्षं झाली. सुमनबाई म्हणली, "नको सांगू. मारंल ती."

"नाय सांगत."

दोघी हसल्या. मी बाहेर गाडीची काच पुसत बसलो. स्वच्छच होती.

चाळीस मिनिटांनी अक्काला डोळा लागला आणि सुमनबाई आपली आपण बाहेर आली. तीन चाळीस.

गाडी फुलंब्रीच्या रस्त्याला लागल्यावर तिनं विचारलं, "मामा, पोचू का?"

"विमानाच्या हिशोबानं नाय."

"मग गाडीनंच मुंबई?"

"सहा तास धरा. मुंबईत शिरायला वेगळे. नवाला नाय पोचत."

तिनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणली, "तुम्ही मला उठवलं का नाही?"

मी खोटं बोलत नाय. "मला नाय उठवावं वाटलं. चूक माझी हाय. पाहिजे तर सलीमभाईला सांगा."

"सांगणारच आहे," ती म्हणली. कुठल्या अर्थानं ते कळलं नाय. नवऱ्याला फोन लावला, त्याला आधी इन्सुलिनचं पेन कुठल्या कप्प्यात आहे ते समजावून सांगितलं. म्हणजे बाईनं मनात जहाज सोडून दिलं होतं. गाडी मी नेहमी साठनं चालवतो. त्या दिवशी किती होती ते सांगत नाय.

फुलंब्रीच्या अलीकडं मी सलीमभाईला फोन लावला. माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. बस कुठंय? बस हेच माझं घड्याळ. जहाजाची बस हॉटेलवर असली तर आपल्याला वेळ आहे.

सलीमभाई म्हणला, "बस अब्बी हॉटेलपेच खडी है मामा. सब चाय पी रै. फ्लाइट लेट है, बंबईसेच नै निकली. सव्वासात बोल रै. तुम किधर हो?"

"फुलंब्रीला."

"अब्बी फुलंब्रीमें? तुमकू तो इत्ते बज्जे एअरपोर्ट पे रैना था."

"नारळ आणाया गेलतो."

"क्या?"

"नंतर सांगतो," म्हणलं आणि फोन ठेवला. सुमनबाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी गाडी साठवर आणली.

पण अर्धंच काम झालं होतं. विमान सव्वासातला निघणार, सव्वाआठला मुंबईत. तिथून बंदराला तासाच्या वर. म्हणजे नऊ होऊन गेलेले. जहाज थांबल, पण यादीतल्या चाळीस जणांसाठी. ते चढले की शिडी वर. त्यांना न्यायला मुंबईच्या विमानतळावर बस उभी. सुमनबाई बाहेर येऊन टॅक्सी शोधणार, मागं पडणार. तिला त्याच बसमधी बसणं भाग होतं.

चिकलठाण्याला विमानतळाच्या दारात जहाजाची टूर लीडर उभी होती. मुंबईची मुलगी, तीसेक वर्षांची, हातात यादी. माणसं मोजून आत सोडत होती. माझ्यासारखंच काम. मी जाऊन सगळं सांगितलं, मुंबईत तुमच्या बसमधी बाईंना घ्या म्हणलं.

ती म्हणली, "काका, मॅडमचं नाव माझ्या लिस्टमध्ये नाही. मी नाही नेऊ शकत."

"बसमधी सीट रिकामी असंल की."

"सीटचा प्रश्न नाही. त्यांनी स्वतः बुकिंग केलंय. सही केलीय. रस्त्यात काही झालं तर माझी नोकरी जाईल."

"बरोबर हाय," मी म्हणलं. तिचं खरंच बरोबर होतं. मी पण पार्टी सोडून दुसऱ्याला गाडीत घेत नाय.

सुमनबाईनं गळ्यातलं जहाजाचं कार्ड दाखवलं. "मी जहाजाचीच आहे. मिस्टर जहाजावर आहेत. मी तुमच्याबरोबर ट्रिपला आले नाही, एवढंच."

"का आला नाहीत मॅडम? वेरूळ लई सुंदर दाखवलं आम्ही." लई म्हणली, तेव्हा कळलं की पोरगी मुळात आपल्याच बाजूची आहे.

मी म्हणलं, "त्यांची बहीण पिशोरला खाटेवर हाय. दोन वर्षांत कुणाला वळखलं नाय. आज हिची ओटी भरली."

पोरीनं सुमनबाईच्या पिशवीकडं बघितलं. खण आणि तांदूळ वरच दिसत होते. तिनं यादीवर पेन आपटलं दोनदा. मग माझ्याकडं न बघता म्हणली, "मी बसमध्ये चाळीस मोजते. चाळीस झाले की बस सोडते. एक्केचाळिसावं कुणी मागच्या सीटवर बसलेलं असलं, तर मला अंधारात दिसत नाही."

मी हात जोडले. ती म्हणली, "काका, तुम्ही आता जा. गर्दी करू नका."

आत जायच्या आधी मी बाईंना सांगितलं, "नारळ काढा. हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, चेकिंगला काढून घेत्यात."

तिनं नारळ माझ्या हातात दिला. "घरी वहिनींना द्या."

मी बरं म्हणलं. तिला गर्दीत काय सांगत बसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवला होता तेव्हा फोनवर तिचा आवाजाचा निरोप आला. मला वाचण्यापेक्षा ऐकणं बरं पडतं, ते तिला माहीत होतं. लावला. "रंगनाथमामा, जहाज सुटलं..." पुढं नुसती खरखर. संपला.

पाच वेळा लावला. जहाज सुटलं. चहा उतू गेला. मी फोन लावला, लागंना. सलीमभाई उचलंना. तो म्हातारा, ते इंजेक्शन, पेन कुठल्या कप्प्यात, सगळं डोळ्यापुढं. चाळीस मिनिटं बसू दिलं होतं मी त्यांना, कारण माझं स्वतःचं एक दुखणं होतं. दुसऱ्याच्या वेळेतून आपलं देणं फेडायला निघालो होतो. एक तास मी तसाच खुर्चीत बसून राहिलो.

मग दुसरा निरोप आला. "मामा, मघाशी रेंज गेली. जहाज सुटलं, आम्ही दोघं आत आहोत. मागच्या सीटवर बसून आले. त्या मुलीनं मोजताना माझ्याकडं बघून पाणी दिलं. अक्काला सांगा. आणि हो, सलीमभाईंना मी तुमची तक्रार केलीय, की हा माणूस घड्याळ बघत नाही, पुढच्या वेळी मला हाच पाहिजे."

मी पहिल्यांदाच सुटलं हा शब्द ऐकून निवांत खुर्चीत मागं रेललो. सुटलो म्हणलं एकदाचा.

मीराला फोन करून सांगितलं. मागून अक्का विचारत होती, "कोण पोचली?" मीरा म्हणली, "नर्सबाई." असं म्हणलेलंच तिला आता कळतं.

नारळ मी फोडला. वर्षभरात घरात पहिलाच. अर्धी वाटी कौसाच्या फोटोपुढं ठेवली, उरलेला खोबऱ्याचा तुकडा चहाबरोबर खाल्ला.

लोक मला अजून विचारतात, मामा, जहाजाचं तिकीट काढलंय, इकडं यायचं तिकीट जहाजाच्या कंपनीकडून घ्यावं का आपलं आपण? मी सांगतो, नुसतं फिरायचं असंल तर कंपनीकडून घ्या, निवांत झोपा. कुणाकडं जायचं असंल तर आपलं आपण घ्या, पण विमान त्यांचंच धरा. आणि निघायच्या वेळेत एक तास जास्तीचा ठेवा. घरात नारळ नसतोच.