बसक्या आवाजाला वन्स मोअर

आमच्या यांनी उभी हयात संगीत नाटकांत गाण्यात घालवली. पोटासाठी जिनिंग फॅक्टरीत नोकरी होती, पण सुटी मिळाली की तोंडाला रंग. मला ती नाटकं कधी आवडली नाहीत. राजा एकच ओळ दहा वेळा म्हणतो आणि मारेकरी तलवार घेऊन तोवर ताटकळत उभा. लोक मात्र ‘वन्स मोअर’ ओरडायचे आणि हे छाती फुगवून अमरावतीला परत यायचे.

मग घशाचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज बसला तो बसलाच. कोरड्या विहिरीच्या रहाटासारखा करकरायचा. यांनी बोलणंच टाकलं. भाजीवाल्याला बोटानं दाखवायचे, फोन वाजला की माझ्याकडे सरकवायचे. घरातली ती शांतता मला झेपत नव्हती.

अकोल्याची एक पोरगी यांच्याकडे गाणं शिकलेली. आता ती स्वतः नाटकं बसवते. एक दिवस ती घरी आली. या वेळी फार्स होता. मोठा गवई गावात येतो, भांग पिऊन पडतो. मंडळी पडदा ओढणाऱ्या म्हाताऱ्याला त्याचा फेटा आणि शाल घालून गायला बसवतात. म्हाताऱ्याला सा कळत नाही, पण सगळे त्यालाच गवई समजतात.

“काका, म्हाताऱ्याचं काम तुमी करा,” ती म्हणाली.

मी कप आपटला. “काहून वं? लोकायले हसाले यायचाच गळा भेटला का तुले?”

हे त्याच फाटक्या आवाजात म्हणाले, “तालीम कधी हाय?”

प्रयोग अकोल्याला, दुपारचा होता. मी पुढच्या रांगेत बसले. लोक या आवाजावर हसले तर हा माणूस पुन्हा तोंड उघडणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि फार्सला लोक हसायलाच येतात.

यांनी तंबोरा उलटा धरला, ‘आ’ लावला आणि पद सुरू केलं. सगळा हॉल फुटला. शेजारची बाई तर हसत माझ्या अंगावरच पडली.

“काय सोंग करून राहिला वो मावशी हा बुढा! मी याचं गाणं ऐकेल हाय पहिले. काय गोड गळा! आन आता पाहा, मुद्दामून कसा भसाडा काढते.”

मी तिच्याकडे पाहत राहिले. ती थट्टा करत नव्हती. नाटकातले लोक बेसुऱ्याला गवई समजत होते आणि ही बाई खऱ्या आवाजाला सोंग.

“हो,” मी म्हटलं. “लय मेहनत घेतली त्यायनं.”

मागून कोणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!” मग सगळेच ओरडले. हे जरा थांबले. यांनी फेटा नीट केला, लोकांना नमस्कार ठोकला आणि तेच पद पुन्हा घेतलं, पहिल्यापेक्षा वाईट. मधे खोकला आला, तोही तालात खोकले.

नाटक संपल्यावर ती बाई रंगपटात आली. “काका, आता खऱ्या आवाजात एक ओळ म्हणा ना.”

मी घाईनं यांची शाल घडी घालायला घेतली.

“हाच खरा हाय, बाई,” हे म्हणाले.

ती पोट धरून हसली. “लय बदमाश हा तुमी, काका!”

हेही हसले. मग येईल त्याच्याशी बोलत बसले, पडदा कसा अडकला आणि मिशी कशी सुटत होती ते सांगत. मूर्तिजापूरवरून जाणारी आमची बस निघून गेली. मी खुर्चीवर पाय वर घेतले आणि पोरीनं आणून दिलेले समोसे खाल्ले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. यांच्या वाट्याचाही खाऊन टाकला. यांचं तोंड काही रिकामं नव्हतं.