खसखशीएवढी अक्का

आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींपासून यकृताचे बारीक गोळे वाढवतात. पुरता वाढलेला गोळा खसखशीच्या दाण्याएवढा. त्यावर औषधं घालून बघायची, कुठलं औषध यकृत जाळतं ते. हे काम मी व्हाइटफील्डला करते आणि घरी ते कोणाला कधी नीट कळलेलं नाही. अक्का आजारी पडेपर्यंत कळायची गरजही नव्हती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला टीबी झाला. आजकाल बरा होतो, असं सगळेच म्हणत होते, मीसुद्धा. एका गोळीत चार औषधं असतात. त्यांतल्या कुठल्यातरी एकाने तिच्या यकृताशी दावा मांडला. डोळे हळदीसारखे पिवळे झाले. गोळ्या थांबवल्या, पण कावीळ थांबेना. तपासणीसाठी हॉस्पिटलात तिच्या यकृताचा एक कण काढायचं ठरलं, तेव्हा अक्काच म्हणाली, "त्यातलं स्वल्प तुझ्या लॅबला ने गं. तुझ्या उपयोगी तरी पडेन." तिने सही केली आणि त्या कणाचा तुकडा एका डब्यात घालून मी तो मांडीवर धरून नेला.

आईची समजूत अशी झाली की मी अक्कासाठी नवं यकृत वाढवतेय. "ते बसवायचं नसतं गं, त्यावर फक्त औषध तपासायचं," मी सांगायची. ती "सरी, सरी" म्हणत मान डोलवायची. पालथ्या घड्यावर पाणी. पेशींचा पोषक द्रव बदलणं याला आम्ही लॅबमध्ये जेवण देणं म्हणतो, ते तिने नेमकं लक्षात ठेवलेलं. दुपारी हटकून फोन: "तिला जेवू घातलंस? स्वल्प वाढली का?" मी चिडून फोन ठेवायची. पण वाढत होतं हे खरं. इकडे अक्का वाळत चाललेली आणि तिकडे गुलाबी पाण्यात, अंगाइतक्या उबेत, तिच्याच पेशी बाळसं धरत होत्या. मला त्यांचा संताप यायचा.

औषधं घालण्याजोगे गोळे तयार व्हायच्या आतच अक्का गेली.

दहाव्याला आम्ही श्रीरंगपट्टणला नदीवर गेलो. पिंड मांडला. समोरच्या झाडावर ढीगभर कावळे, पण एकही खाली येईना. भावोजींनी हात जोडून सांगितलं, पोरीला शिकवीन, तिला सावत्र आई आणणार नाही. कावळे ढिम्म. मग आई माझ्याकडे वळली. "अय्यो, कसा शिवेल? अर्धी तर तू डब्यात जिवंत ठेवलीयेस. सोड तिला." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी विज्ञान शिकलेली बाई. एरवी दोन शब्द सुनावले असते. पण त्या दिवशी मला खरंच तिला सोडायचं नव्हतं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही खाली मान घालून जेवलो.

लॅबमध्ये मी तपासणी पुढे ढकलत राहिले. मशीन मोकळं नाही, औषध आलं नाही, काहीही. नमुना इतका थोडा की गोठवून ठेवायलाही काही उरणार नव्हतं. उबेच्या कपाटाचं दार उघडायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, जेवू घालायचं. अख्ख्या जगात अक्काचं तेवढंच जिवंत होतं. एकदा तर चक्क "येते गं" म्हणून दार लावलं. अखेर आमच्या मॅडम म्हणाल्या, असंच ठेवलंस तर ते आपोआप मरतील आणि कळणार काहीच नाही. तेही खरंच होतं. मग चारी औषधं मी वेगवेगळ्या गोळ्यांवर माझ्याच हाताने घातली.

तीन औषधं अक्काच्या पेशींनी पचवली. चौथ्याने गोळे काळवंडले आणि विरघळून गेले. तेवढं एक पहिल्यापासून वगळलं असतं तर अक्का आज असती. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. आणि जे गोळे जगले तेही ठेवता येत नाहीत. त्यांत किती जीव उरलाय हे मोजायला त्यांना फोडावंच लागतं. मी ते फोडले.

घरी येऊन आईला म्हटलं, "संपलं." कुठल्या औषधाने घात केला ते सांगायला लागले, तर तिने ऐकूनच घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दहीभात कालवला, गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि मागे सरली. लगेच एक कावळा उतरला. "सुटली गं, सुटली माझी पोर," म्हणत आई रडायला लागली. कावळ्याने मान वाकडी करून आमच्याकडे पाहिलं, चोच भाताकडे नेली, आणि मी "हुश्श, हुश्श" करत त्याच्या अंगावर धावून गेले.