हार्ड डिस्कची आयुधपूजा

आमच्या घराण्यात कॉलेज पुरं करून बाहेर पडलेली पहिली मी. हे मी न विचारता सांगते, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं अजून कुणी मला पटवून दिलेलं नाही. पणजोबांपर्यंत सगळे कापड रंगवणारे. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, म्हैसूरच्या हिनकलला साडी-पॉलिश आणि इस्त्रीचं दुकान आहे. मी घरी बसून लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. डिग्री वेगळ्याच विषयाची आहे, पण तो विषय इथं काढायला नको. नातेवाइकांनी तो भरपूर काढून झालाय.

गेल्या दसऱ्याला माझ्याकडे एका मॅडमचं काम होतं. मूळ पुण्याच्या, नोकरीसाठी म्हैसूरला आलेल्या, जयलक्ष्मीपुरमला राहतात. माझं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाल्या, "किती गोड बोलतेस गं!" गोड म्हणजे काय ते मला कळतं. आमची मराठी घरातून मराठीत निघते, मधेच कन्नडचा रस्ता धरते आणि तरी पोचायचं तिथं पोचते. पण बाई मनानं चांगल्या, आणि कामही त्यांनी मलाच दिलं.

त्यांचं लग्न उन्हाळ्यात इथंच झालं होतं. ऐन वेळी त्यांचे वडील पुण्यात दवाखान्यात दाखल झाले, त्यामुळे लेकीच्या लग्नाला ते नव्हतेच. कन्यादान वडिलांच्या धाकट्या भावानं केलं. आता बरे होऊन लेकीच्या पहिल्या दसऱ्याला आले होते आणि विजयादशमीच्या संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होते. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा राहिलेला. मॅडमनी मला एवढंच सांगितलं होतं, "बाबा जायच्या आत त्यांना टीव्हीवर लग्न दाखवायचंय. बाकी तुला काय कापायचं ते काप. पण माझा चेहरा त्यांना नीट दिसला पाहिजे."

आता आमचा धंदा स्वल्प समजून घ्या. हल्लीच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण इतकं जड असतं की माझ्या लॅपटॉपला ते पेलत नाही. नवरी एक पाऊल टाकते आणि थिजते, मग पंख्याचा आवाज येतो, मग दुसरं पाऊल. अशानं सप्तपदी संपायची कधी? म्हणून प्रत्येक तुकड्याची एक छोटी, हलकी नक्कल करून घ्यायची. तिला प्रॉक्सी म्हणतात. ती जरा धूसर असते, पण पळते छान. सगळी कापाकापी प्रॉक्सीवर करायची आणि शेवटी प्रत्येक नकलेच्या जागी मूळ तुकडा जोडून घ्यायचा. माझ्या प्रॉक्सी लॅपटॉपमध्ये होत्या आणि मूळ सगळं एका काळ्या हार्ड डिस्कमध्ये.

आयुधपूजेच्या, म्हणजे तुमच्या खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी अम्मा शेवंतीचे हार करत बसली होती. मला म्हणाली, "ते काळं डबडं काय गं सारखं पदराखाली घेऊन फिरतेस?"

शिकलेल्या माणसाला कुणी असं विचारलं की राहवत नाही. मी खुर्ची ओढली. "हे बघ अम्मा, देवळात मूळ मूर्ती कुठं असते?"

"गाभाऱ्यात."

"ती हलते?"

"ती कशाला हलेल?"

"आणि मिरवायला कोण निघतं?"

"उत्सवमूर्ती."

"का?"

"हलकी असते म्हणून. परीक्षा घेतेस काय माझी?"

"तसंच आहे हे. या डबड्यात मूळ मूर्ती. लॅपटॉपमध्ये नुसत्या उत्सवमूर्ती."

अम्मानं दोरा दातानं तोडला. "म्हणजे खरं सगळं त्या डबड्यात?"

"सगळं."

"लॅपटॉपात काही नाही?"

"नक्कल आहे नुसती."

"असू दे," अम्मा म्हणाली. एवढं अवघड काम एका झटक्यात समजावलं म्हणून मी स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आले, तर पूजा मांडून झालेली. मधे देवी. डावीकडे अप्पांच्या इस्त्र्या ओळीनं, त्यांच्या कपाळी, म्हणजे जिथं कपाळ असायला हवं तिथं, गंध. उजवीकडे कात्री, मिक्सर, विळी. आणि देवीच्या थेट पायाशी, लाल खणावर, हळदीकुंकू लावून, वर अक्षता आणि शेवंतीचं फूल घेऊन माझी हार्ड डिस्क.

"अय्यो, अम्मा! डिस्क!"

"मूळ मूर्ती," अम्मा म्हणाली. उदबत्ती ओवाळणं चालूच.

"मला आज काम आहे गं!"

"मग कर की. तुझी उत्सवमूर्ती सोडलीय ना तुला. तिला कुंकूसुद्धा लावलं नाही मी."

खरंच, लॅपटॉप टेबलावर जसाच्या तसा. दर वर्षी पूजेत लॅपटॉपच बसतो. या वर्षी मी स्वतःच त्याला नोकरीतून कमी केलं होतं.

"अम्मा, ते काही हत्यार नाही."

"त्याच्यावर पोट भरतेस ना?"

"भरते."

"मग झालं. हत्याराला वर्षातून एक दिवस सुट्टी. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की घे."

मी अप्पांकडे पाहिलं. ते चुरगळलेला शर्ट घालून उभे होते. इस्त्रीवाल्याचा शर्ट चुरगळलेला दिसतो तो वर्षातला हा एकच दिवस. "मी इस्त्रीला हात लावलाय का?" ते म्हणाले. एवढ्यावर अपील फेटाळलं गेलं.

तसं फार बिघडलं नव्हतं. प्रॉक्सीवर उरलेली कापाकापी मी दुपारपर्यंत संपवली. मग वाटलं, मॅडमना कच्ची फिल्म तरी पाठवावी. प्रॉक्सीवरूनच काढली आणि पाठवली. थोड्या वेळानं फोन आला.

"अगं, टीव्हीवर लावली आम्ही. बाबा विचारतायत, यातली नवरी कोणती?" मॅडम हसत होत्या. मग हसणं थांबलं. "मी म्हटलं चष्मा लावा. तर लावलेलाच होता."

"मॅडम, ही कच्ची आहे. धूसरच दिसणार. उद्या पक्की देते."

"उद्या देशील ना नक्की? दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी रस्ते बंद करतात. आम्हाला दुपारीच स्टेशनला निघावं लागेल. हे सारखं तेच सांगतायत."

"हे" म्हणजे त्यांचे यजमान. मागून त्यांचाही आवाज येत होता, रस्त्यांची नावं घेत.

"देते," म्हटलं. फोन ठेवला आणि देवीच्या पायाशी बसलेल्या डिस्ककडे पाहिलं. शेवंतीच्या फुलाखाली ती अगदी आरामात होती.

विजयादशमीला सकाळी अम्मानं उत्तरपूजा केली, देवीवर अक्षता टाकल्या, डिस्क उचलून मला दिली आणि वर म्हणाली, "आता बघ कसं पळतं काम."

केबल आतच जाईना. टोचून पाहिलं, उलटी करून पाहिली. उजेडात धरलं तेव्हा दिसलं, खाचेत अक्षतेचा एक तांदूळ अडकून बसलाय. पिवळाधमक. अम्मानं शिवणाच्या सुईनं तो अलगद काढला आणि टाकून न देता माझ्या डोक्यावर ठेवला.

डिस्क सुरू झाली. मी प्रॉक्सी बंद करून मूळ तुकडे चालू करण्याचं बटण दाबलं आणि सगळा पडदा लाल झाला. लाल म्हणजे फाइल सापडत नाही. अंतरपाट लाल, मंगळसूत्र लाल, जेवणावळ लाल.

"चांगला आहे की रंग," अम्मा मागून म्हणाली. "सणाचा."

कारण शोधलं तर साधंच निघालं. अप्पांनी भजनांचा पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून ठेवला होता आणि माझ्या डिस्कची नेहमीची जागा त्यानं बळकावली होती. त्यामुळे डिस्क दुसऱ्या पत्त्यावर उघडली, आणि सॉफ्टवेअर बिचारं भजनांच्या घरी जाऊन नवरीची चौकशी करत होतं. मी नवा पत्ता दिला. एक तुकडा हातानं जोडला. त्यानं विचारलं, बाकीचे आपोआप शोधू का? घाई होती. म्हटलं, शोध बाबा.

लाल रंग गेला. एकदम लख्ख चित्र. मी सुस्कारा टाकून मंगलाष्टकांपाशी आले. भटजींचा आवाज चढत गेला, "शुभमंगल सावधान" झालं, अंतरपाट दूर झाला आणि पलीकडे एक गृहस्थ मद्दूर वडा खात उभे होते.

मी पुढे गेले. मंगळसूत्राच्या वेळी वाढपी सांबाराची बादली घेऊन वाकला. सप्तपदीला हात धुण्याची रांग. मंत्र चालू, वाजंत्री चालू, आणि प्रत्येक पावलाला एक माणूस नळापाशी सरकतोय. आवाज वेगळ्या यंत्रावर घेतलेला, त्यामुळे तो बरोबर होता. चित्रच तेवढं पंगतीला जाऊन बसलं होतं.

"हे लग्न जास्ती बरं आहे गं," अम्मा म्हणाली. "वडा तर किती स्पष्ट दिसतोय."

"अम्मा, स्वल्प गप्प बस."

लग्नाला दोन कॅमेरे होते. एक मांडवात, दुसरा जेवणाच्या हॉलमध्ये. दोन्ही एकाच कंपनीचे, आणि दोघंही आपापल्या फाइलींना पहिल्यापासून तेच नंबर देणारे. म्हणजे एकाच वर्गात एकाच नावाची दोन मुलं. सॉफ्टवेअरनं नाव पुकारलं आणि जो आधी "हजर" म्हणाला त्याला बसवलं. जेवणाचा फोल्डर वर होता, म्हणून तोच आधी ओरडला.

सगळी जोडणी मी पुन्हा तोडली. पडदा परत लाल. मग आधी फक्त मांडवातले तुकडे निवडले, त्यांना मांडवाचा फोल्डर दाखवला, आपोआप शोधायला साफ नाही म्हटलं. मग हॉलचे तुकडे, हॉलचा फोल्डर. प्रत्येक जोड उघडून पाहिला. अंतरपाट दूर झाला आणि या वेळी पलीकडे नवरा होता. झोपाळू, पण नवरा.

आता टीव्हीवर लावायची फाइल काढायची. सॉफ्टवेअरनं पूर्ण फिल्मला लागणारा वेळ दाखवला, तोवर काकांची, म्हणजे मॅडमच्या वडिलांची, गाडी म्हैसूर सोडून कितीतरी पुढे गेली असती. मी विचार केला. काकांना वरात बघायची नव्हती, पंगत तर नाहीच. मंगलाष्टकांपासून होमापर्यंतचा भाग तेवढा निवडला आणि तोच काढायला लावला. लॅपटॉप असा तापला की अप्पा त्याच्याकडे धंद्याच्या नजरेनं बघायला लागले.

सगळं शहर मिरवणुकीसाठी राजवाड्याकडे निघालेलं, आणि मी स्कूटरवरून मधेच वळून जयलक्ष्मीपुरमला. दारात काकांची बॅग तयार, जावयांच्या हातात कारची किल्ली. काका मात्र टीव्हीसमोर खुर्ची ओढून, बूट घालूनच बसले होते.

"ही का ती एडिटर?" म्हणाले. "काल धुकं पाठवलंस बाळ."

"आज ऊन पडलंय काका," मी म्हटलं आणि पेनड्राइव्ह लावला.

मंगलाष्टका झाल्या. कन्यादान आलं. काकांचे धाकटे भाऊ त्यांच्या जागी बसलेले, आणि मग पडदाभर मॅडमचा चेहरा. नथीचा एक एक मोती मोजता येईल असा. काका पुढे झुकले. 

"रडत होतीस तू," ते म्हणाले.

"छे हो बाबा."

"नाक लाल आहे. डोळ्यात पाणी आहे. हे बघ, इथं." बोट थेट टीव्हीला लागलं. "मला त्या दिवशी फोनवर सांगत होतीस, मजेत आहे म्हणून."

"धूर होता बाबा होमाचा. डोळ्यात गेला."

काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "काय गं, होम झाला का यात?"

एडिटरनं खोटं बोलू नये. क्रम सगळा पडद्यावर असतो. "नाही काका. होम पुढं आहे. अजून पेटवायचाय."

मॅडम एकदम हसल्या आणि हसता हसता नाक परत लाल झालं. काकांनी त्यांचं मनगट धरलं, नजर मात्र टीव्हीवरून हलवली नाही.

"बाबा, रस्ता बंद होईल," जावई दारातून म्हणाले. "गाडी चुकेल."

"होमाच्या आधीचं परत लाव," काका मला म्हणाले.

मी मागं घेतलं. जावयांनी किल्लीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि बॅग उचलून कारमध्ये ठेवायला गेले. ते परत आले तरी कन्यादानच चालू होतं.