टकळीची एक खोटी ओळ

माझ्या धाकट्या भावाला सगळे टकळी म्हणतात. लहानपणी त्याचं तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाव घ्यायचं नाही, म्हणून आईने वैतागून हे नाव ठेवलं. पुढे त्याने तेच आपल्या गाण्यांवर लावलं. तो रॅप करतो. तालावर भराभर बोलतो, यमक जुळवून, स्वतःच्या जगण्यातलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते भांडणच वाटलं.

"कुणाशी भांडतोयस रे?" मी विचारलं.

"सगळ्यांशी, ताई. पण तालात."

आज तो चौतीस वर्षांचा आहे. दिवसभर कुरिअरची पाकिटं पोचवतो आणि ते करता करता गाणी रचतो. ओळी कागदावर उतरवत नाही, जिन्यात जुळवतो. कडवं म्हणत म्हणत चढायचं. चौथ्या मजल्यापर्यंत श्वास पुरला तर ठेवायचं, नाहीतर छाटायचं. दार उघडणारी बाई त्याची धाप बघून आधी पाणी विचारते, मग सही करते. "बापाने जन्मभर लोकांना लिफ्टने वर नेलं आणि पोराच्या नशिबी जिने," असं म्हणून तो स्वतःच हसतो. आमचे बाबा सरकारी इस्पितळात लिफ्ट चालवत. एकतीस वर्षं, एका लोखंडी स्टुलावर बसून.

माझ्या घरातलं कपड्यांचं कपाट हा त्याचा स्टुडिओ. आत चारी बाजूंनी रजया टांगायच्या, मधे माइक, आणि हा घामाघूम. त्याचा मित्र बाहेर पलंगावर कॉम्प्युटर घेऊन बसतो. आवाज आणि संगीत एकत्र करतो म्हणून त्याचं नाव मिक्सर. ते दोघं आले की मी कुकर लावत नाही. एकदा शिट्टी गाण्यात आली होती. मिक्सर म्हणाला, "राहू दे, चांगली सुरात आहे." टकळीने ऐकलं नाही.

कंपन्या दोनदा येऊन गेल्या. त्याने नाही म्हटलं. गाणं स्वतः करायचं, स्वतः लोकांपुढे ठेवायचं. आणि रॅप करणाऱ्यांतला एक नियम तो देवाच्या नेमासारखा पाळतो: स्वतः पाहिलं नाही ते गायचं नाही. खोटं गाणारा या लोकांत एकदा उघडा पडला की त्याला कुणी विचारत नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याने 'तळमजला' केलं. बाबांवरचंच गाणं. जगाला वर नेणारा माणूस संध्याकाळी तळमजल्यावरच उतरतो, असं काहीसं. ते लाखो लोकांनी ऐकलं. त्यातल्या दोन ओळी पोरांच्या तोंडी बसल्या:

आई निघाली तेव्हा दार कुणी लावलं?
बापाला बाटलीने अंगाई गाऊन झोपवलं.

त्या ओळी मी तीन वर्षं ऐकल्या नव्हत्या. मी त्याला जेवायला वाढते, रजया टांगून देते, पण गाणी शेवटपर्यंत ऐकत नाही. मला तो वेग झेपत नाही. ही माझी चूक.

बाबांनी ते यंदा पहिल्यांदा ऐकलं, न्हाव्याच्या दुकानात, तोंडाला फेस लावलेला असताना. न्हावी कौतुकाने म्हणाला, "काका, तुमच्या मुलाचं ना?" बाबा अर्ध्या दाढीनेच उठले आणि आपल्या घरी गेले. त्यानंतर दाढी करायला गेले नाहीत. खाली बाकावर बसणंही बंद. महिनाभर मला वाटलं, तब्येत. शेवटी न्हावीच रस्त्यात भेटला आणि मान खाली घालून सगळं बोलला.

मी घरी येऊन गाणं लावलं. दोनदा ऐकलं. मग देवापुढे जाऊन बसले. हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना.

बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही.

आईला डॉक्टरांनी आशा सोडून घरी पाठवलं होतं. बाबा ड्यूटी करून तीन रात्री तिच्या उशाशी बसले. चौथ्या दिवशी दुपारी त्यांना बसल्या बसल्या झोक जाऊ लागला. मी तेव्हा एकोणीसची. आईच्या झोपेच्या गोळ्यांतली एक काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. ते नको म्हणत होते. "दोन तास पडा, मी आहे ना," असं म्हणून मी ती घ्यायला लावली. चार वाजता आई गेली. बाबा काही केल्या उठेनात. टकळी तेवढ्यात शाळेतून आला, नऊ वर्षांचा, दप्तर पाठीवर. शेजारच्या काकू बाबांना हलवत म्हणाल्या, "घेतली असेल याने, दुसरं काय." ते त्याने ऐकलं. मी जवळच उभी होते. गोळीचं सांगायची मला भीती वाटली. पुढे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं तेव्हा तो पाकिटांची पिशवी खांद्यावर घेऊन दारातच उभा होता. पिशवी उतरवली नाही.

"मी पाहिलं होतं, ताई."

"झोपलेलं पाहिलंस. बाकीचं काकूंनी दाखवलं तुला."

आठ दिवसांनी त्याचा सगळ्यात मोठा कार्यक्रम होता, हजार माणसांच्या सभागृहात. मिक्सरने समजावलं, "लोक त्याच ओळीसाठी येतायत. हे होऊ दे, मग बदल." टकळीने जिन्यातच दुसरी ओळ जुळवली: तीन रात्रींच्या जागरणाने बापाला झोपवलं.

मी मागे भिंतीला टेकून उभी होते. ती जागा आली. त्याने नवी ओळ म्हटली आणि हजार तोंडांनी जुनी ओरडून तिला बुडवलं. त्याने हात वर केला, संगीत थांबवलं. म्हणाला, "ती ओळ खोटी आहे. माझा बाप पीत नाही. मी चुकलो." काही पोरं हसली. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. पुढे कुणीतरी पुन्हा तीच ओळ सुरू केली. टकळी माइक खाली ठेवून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाबांसमोर जमिनीवर बसला. बाबा खिडकीशी पेपर वाचत होते. वाढलेली पांढरी दाढी, चष्मा नाकावर.

"बाबा, मी खोटं गायलो."

बाबांनी पेपरची नीट घडी केली. "झोपलो तर होतोच ना."

"पण लोक पंचवीस वर्षं काय काय बोलत होते, तुम्ही एकदा तरी सांगायचं."

"काय सांगायचं? गोळी घेतली म्हणून? मग कुणी दिली ते आलं असतं. एकोणीस वर्षांची पोर. आई गेली त्या दिवशी तिने बापाला झोपवलं, असं झालं असतं. त्यापेक्षा दारुड्या बरा. दारुड्याला लोक चार दिवसांत विसरतात."

मी त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी होते. नळ सुरूच राहिला.

"ते गाणं मी काढून टाकतो," टकळी म्हणाला.

"काढ. नाहीतर दुसरं कर. पण गोळीचं घालू नकोस."

"घाल," मी म्हणाले. मी नळ बंद केला. "गोळी माझी आहे, बाबा. ती तुम्ही खूप झाकलीत."

बाबांनी घडी केलेला पेपर पुन्हा उघडला.

त्याने त्याच दिवशी 'तळमजला' काढून टाकलं. कुणाला विचारायचं नव्हतं. बोट लावलं आणि तीन वर्षांचे ऐकणारे गेले. लोकांच्या फोनमध्ये मात्र ते आहे आणि राहणार. मिक्सर दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर घेऊन आला. नुसती ओळ बदलून भागत नव्हतं. तीन वर्षांत याचा आवाज जाड झाला होता, जोड कळत होता. सगळं गाणं पहिल्यापासून म्हणावं लागलं. त्यात आता दप्तर आहे, काकू आहेत, गोळी आहे आणि मी आहे. ते किती जण ऐकतील, देव जाणे. आत्तापर्यंत फारसे नाहीत.

बाबांना मी मुद्दाम माझ्या घरी बोलावून घेतलं. पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी हेडफोन लावले, उलटे; मिक्सरने ते सरळ केले. टकळी कपाटाच्या दारात रजई धरून उभा राहिला. गाणं संपलं तरी बाबा डोळे मिटून तसेच. आम्ही तिघं वाट बघत होतो. त्यांनी हेडफोन काढले नाहीत. बोटाने खूण केली, पुन्हा लाव.